परतीचा जॅक

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर लॉनवरचे दिवे एकदा गेले, लगेच परत आले, आणि यशोधनच्या तळपायांखालची थरथर मात्र परत आली नाही. आवाज गेला हे त्याला नंतर उमगलं. आधी नुसते पाय गार पडले. बेस गिटार वाजवणाऱ्याला स्वतःचं वाजवणं दोन वाटांनी कळतं. एक वाट बरगडीतून, कारण गिटारचं लाकूड तिथे टेकलेलं असतं. दुसरी पायांतून, कारण मागे ठेवलेला ॲम्प स्टेजच्या फळ्या हलवत असतो. कानांचं काम त्यात थोडंच. कानांना गायिका, कीबोर्ड, ड्रम आणि समोरच्या ताटवाट्यांचा कल्ला पुरून उरतो. आता बरगडीत गुरगुर होती, बोटं तारांवर चालत होती, आणि फळ्या गप्प होत्या. त्याने मान वळवून पाहिलं. ॲम्पचा लाल दिवा लागलेला होता, काही झालंच नाही असा निगरगट्ट. खाली कोपऱ्यात साउंड सांभाळणारा कैलास आपल्या लॅपटॉपशी झटापट करत होता. त्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, लाइट हलली की तो मान टाकायचा. "ट्रॅक गेला, तसंच रेटा," असं कैलास हातवाऱ्यांनी सांगत होता. ट्रॅक म्हणजे आधी रेकॉर्ड करून ठेवलेली व्हायोलिनं, कोरस आणि बाकीचा भरणा, ज्याच्या जोरावर चार माणसांचा हा बँड मोठ्या ऑर्केस्ट्राचा आव आणायचा. गायिकेने सावरून घेतलं, कीबोर्डवाल्याने दोन्ही हात पसरले. यशोधनने रिसॉर्टच्या जनरेटरला मनातल्या मनात एक शिवी घातली. एका झटक्यात लॅपटॉप गेला आणि माझा ॲम्पही घेऊन गेला.

थांबायला हवं होतं. हात वर करायचा, कैलासला खूण करायची, गाणं संपल्यावर एक मिनिट मागून घ्यायचं. पण तो थांबला नाही. कुणीतरी वळेल याची तो वाट पाहत राहिला. भाजे रस्त्यावरचं ते रिसॉर्ट, डोंगराच्या पायथ्याशी, लॉनवर कुणाच्या तरी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. नवरा बायकोला गुलाबजाम भरवत होता आणि नातेवाईक मोबाइल वर धरून उभे होते. त्यांनी वळावं अशी अपेक्षा नव्हती. पण गायिका? कीबोर्डवाला? निदान तन्वीर? तन्वीर ड्रमवर. बेस आणि ड्रम ही जोडी. एकाच्या पायाने दुसऱ्याचा हात चालतो. कॉलेजात असल्यापासून दोघं एकमेकांच्या पायाकडे बघून वाजवत आले होते. तन्वीरच्या कानात इअरफोन होता, डोळे अर्धे मिटलेले, चेहरा नेहमीसारखा शांत. त्याची काठी पडत होती आणि तिच्याखाली काहीच नव्हतं, आणि त्याला पत्ता नव्हता. चौथं गाणं झालं, पाचवं झालं. यशोधन वाजवत राहिला, गाणं संपलं की नेहमीप्रमाणे तारांवर तळवा ठेवत राहिला. शेवटी रिसॉर्टचा मॅनेजर येऊन म्हणाला, "आज कोरस नव्हता, जरा सुनंसुनं वाटलं." बेसचं नाव त्याने काढलं नाही. यशोधनला खरं लागलं ते तेव्हा. आवाज गेल्याने नव्हे, आवाज गेल्याचं कुणालाच न कळल्याने.

घरी, लोणावळ्यात, त्याचे वडील, आप्पा, जागे होते. पावसाळ्याच्या तोंडाशी मोरीत पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून खिडकीपर्यंत जात. आप्पा, म्हणजे माधवराव, एकेकाळी रेल्वेच्या सिग्नल खात्यातला खणखणीत आवाज, आणि आता त्यांचा दिवस पलंगाच्या मापाचा झाला होता. दर शनिवारी यशोधन आला की ते एकच विचारत, "वाजला का?" आणि तो म्हणे, "वाजला." त्या दिवशीही तो तेच म्हणाला. त्याची बायको रजनी झोपेतूनच कूस बदलून "जेवलास ना?" म्हणाली, त्यालाही तो हो म्हणाला. मग अंधारात पाठीवर पडून तो छताकडे बघत राहिला. तळेगावच्या कारखान्यात तो तपासणीस होता. मशिनवर पाडलेल्या भोकांत मापाची दांडी घालून बघायची. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. आदल्यासारखा पुढचा तुकडा असेल तर पास, नसेल तर बाजूला. सोमवार ते शुक्रवार त्याचा धर्म हाच, कालच्यासारखा आज आहे ना ते बघणं. शनिवारचे ते तीन तास तेवढे त्याचे होते. घरी वाजवायची सोय नाही, खालचे लोक लगेच दार ठोठावतात. म्हणून तो गिटारच्या लाकडावर हनुवटी टेकवून, ॲम्पशिवाय, नुसता हाडांतून ऐकत सराव करी, आणि शनिवारी रिसॉर्टवरच ठेवलेल्या ॲम्पमधून ते सगळं फळ्यांवर ओतून येई. ते तीन तास खरोखर त्याचे होते की नव्हते, एवढाच प्रश्न होता. हसण्यासारखा प्रश्न. पण पहाटेपर्यंत त्याला झोप लागली नाही.

रविवारी चहा पिताना आप्पांनी त्याचा चेहरा वाचला. "काय बिघडलंय?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, ॲम्प. दिवा लागतो, आवाज नाही. आप्पा उशीला टेकून थोडे सरळ झाले. बऱ्याच दिवसांत त्यांना कुणी असं काही सांगितलं नव्हतं. "टोकापासून चालत जाऊ नको," ते म्हणाले. "आम्ही घाटात बिघाड शोधायचो तेव्हा नवीन पोरं पहिल्या खांबापासून सुरू करायची, आणि संध्याकाळपर्यंत चालत बसायची. मधोमध जायचं. तिथे उभं राहून विचारायचं, इथपर्यंत येतंय का? येत असेल तर मागचं अर्धं सोडून दे. उरलेल्याच्या पुन्हा मधोमध जा." एवढं बोलून त्यांना धाप लागली. "आणि जिथे काहीच बिघडलेलं दिसत नाही तिथे आधी बघ," असं ते म्हणाले, आणि मग चहात बिस्किट पडलं म्हणून चिडले.

तन्वीरचं दुकान कामशेतच्या बाजारात. कान्ह्याचा माणूस, सकाळी गावातून यायचा, दिवसभर मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी आणि लग्नाच्या मांडवांचे भोंगे दुरुस्त करायचा, आणि शनिवारी ड्रम वाजवायचा. यशोधनने रिसॉर्टवरून आणलेला ॲम्प गाडीच्या डिकीतून उतरवला तेव्हा कंबरेत कळ आली. दोघांनी मिळून तो फळीवर ठेवला. "तुझा बंद पडला?" तन्वीर म्हणाला. "कदी?" यशोधन त्याच्याकडे बघत राहिला. "काल," तो म्हणाला. "तिसऱ्या गाण्यापासून." तन्वीरने मान वर केली, आणि ती तशीच राहिली. "काल? मग तू शेवटपर्यंत...?" "शेवटपर्यंत." तन्वीरने हातातला टेस्टर खाली ठेवला, पुन्हा उचलला. "यशा, खरं सांगतो, मला कळलं न्हाई. माझ्या कानात ती टिकटिक असती ना, ट्रॅकची. ट्रॅक गेला तरी टिकटिक मी मोबाइलवर लावून घेतली. सगळं ध्यान तिकडंच. तुझा बेस हल्ली कुटं ऐकतो मी." हे तो सरळपणे बोलला, कुणी पाऊस थांबल्याचं सांगावं तसं, आणि म्हणून ते जास्त लागलं. यशोधनला आठवलं, कॉलेजच्या गॅदरिंगला स्टेजवरचे दिवे गेले होते आणि अंधारात ते दोघंच वाजवत राहिले होते, बाकीचे थांबले तरी. तन्वीरचा पाय दिसत नव्हता पण कुठे पडणार ते त्याला ठाऊक होतं. त्या आठवणीचं आता काय करायचं ते त्याला सुचेना. "जाऊ दे," तो म्हणाला. "उघड."

"आदी सिरीजला लावू," तन्वीर म्हणाला. भिंतीवर एक लाकडी पाटी होती, तिच्यावर जुना पिवळा बल्ब आणि खाली सॉकेट. संशयाची प्रत्येक वस्तू आधी या बल्बाच्या वाटेने जायची. आत कुठे तारांची गाठ पडली असेल तर बल्ब ढणढणा पेटतो आणि वस्तू वाचते. सगळं धड असेल तर तो एकदा उजळतो आणि हळूहळू मंद होतो. तन्वीरने बटण दाबलं. बल्ब उजळला, दुकानातली पंख्यांची पाती, पत्र्याचे डबे, तन्वीरच्या मिशीतले पांढरे केस सगळं पिवळं झालं, आणि मग तो शहाण्यासारखा विझत जाऊन नुसती तार लाल राहिली. "हितं काय न्हाई," तन्वीर म्हणाला. "जनरेटरनं ह्याला काय केलं न्हाई." यशोधनला उगाचच वाईट वाटलं. काहीतरी जळालेलं निघायला हवं होतं. जळक्या वासाला, काळ्या पडलेल्या तुकड्याला बोट दाखवता येतं. हा बघा, याच्यामुळे. फ्यूज शाबूत होता, स्पीकरला बॅटरी लावली तर तो खरखरला, गिटारची वायर ठीक होती. तन्वीर पुढच्या टोकापासून एकेक भाग सुटा करत चालला होता, आणि यशोधन म्हणाला, "आप्पा म्हणतात मधोमध जा."

ॲम्पच्या मागच्या पत्र्यावर दोन भोकं असतात. एकातून गिटारचा आवाज बाहेर काढता येतो, दुसऱ्यातून पुन्हा आत सोडता येतो. मध्ये कुणाला काही करामती करायच्या असतील तर त्यासाठी ही सोय. कुणाला काही करायचं नसेल तर भोकं रिकामी राहतात आणि आतल्या आत एक पितळी पान दुसऱ्याला टेकून वाट जोडून देतं. दुसऱ्या भोकात, परतीच्या, पिन घातली की ते पान मागे रेटलं जातं आणि गिटारची वाट तुटते. मग त्या पिनेतून जे येईल तेच स्पीकरला मिळतं. यशोधनने ही भोकं आयुष्यात वापरली नव्हती. तो करामती करणाऱ्यांतला नव्हता. पुढच्या बटणांवरही रजनीच्या नेलपॉलिशचे ठिपके देऊन त्याने आपला आवाज कायमचा ठरवून टाकला होता, आणि ठिपके दिल्यापासून ती बटणं कधी फिरवली नव्हती. तन्वीरने आपला मोबाइल परतीच्या भोकाला जोडला. दुकान हादरलं, समोरच्या वडापावच्या गाडीवरून कुणीतरी "वा" म्हणालं. म्हणजे मागचं अर्धं ठीक. मग पहिल्या भोकातून वायर काढून छोट्या स्पीकरला दिली, यशोधनने तार छेडली, ती बोलली. पुढचंही अर्धं ठीक. दोन्ही अर्धी धडधाकट आणि मधे वाट बंद. तन्वीरने एक वीतभर वायर घेऊन एक भोक दुसऱ्याला जोडलं. यशोधनने सगळ्यात जाड तार उघडी छेडली, आणि लाकडी फळीतून, फरशीतून, चपलेच्या तळातून ती थरथर त्याच्या पायांत आली. त्याच्या जिवात जीव आला. क्षणभर तो पोरासारखा हसला. तन्वीरही हसला. "मेलेला न्हाई रे. नुसतं पान टेकत न्हाई."

त्याने पत्रा काढून परतीचा जॅक बाहेर घेतला आणि उजेडात धरला. "हे बघ की," तो म्हणाला, "पान मागं वाकलंय. आनि वर हिरवं चढलंय. हवा आपली ही असली, दमट. पन नुसत्या हवेनं वाकत न्हाई. ह्यात लय दिवस पिन घुसवून ठेवलेली हाय. तू काय लावत होता हितं?" "मी? काही नाही." "मग हे?" तन्वीरने बोट ठेवलं. मागच्या सगळ्या पत्र्यावर पावसाळ्याचा पांढुरका थर होता, बुरशी आणि धूळ यांचा मिळून झालेला. फक्त परतीच्या भोकाभोवतीची चकती घासून लखलखत होती. यशोधन ती चकती बघत राहिला. हे घर माझं आहे आणि इथे कुणीतरी रोज येऊन बसत होतं, असं काहीसं त्याला वाटलं. तन्वीरने खिशातून मोबाइल काढला, कैलासला लावला आणि स्पीकरवर टाकला. कैलास कुठेतरी जेवायला बसला होता.

"अहो दादा, ती माझीच वायर," कैलास म्हणाला. "आप्पा पडले तेव्हा तुम्ही दोन-तीन शनिवार नव्हता ना? आपण रेकॉर्ड केलेला तुमचा बेस ट्रॅकमध्ये आहेच. म्हटलं तो बाकीच्यात मिसळण्यापेक्षा तुमच्याच ॲम्पमधून सोडू, स्टेजवरून आल्यासारखा वाटेल. एक नंबर वाजला."

"आणि मी परत आल्यावर?" यशोधनने विचारलं.

"परत आल्यावर..." कैलास घास गिळून म्हणाला. "काढायची राहून गेली असणार. सगळं एका बटणावर होतं ना दादा. काल लॅपटॉप घरी न्यायचा म्हणून वायरी उपसल्या, तेव्हा निघाली बघा. का हो? त्याने बिघडला का?"

"नाही," यशोधन म्हणाला. "काही बिघडलं नाही."

तन्वीर फोन ठेवून पानाखाली पॉलिश पेपरची पट्टी सारायला लागला. यशोधन स्टुलावर बसला. हळूहळू, एकेक करून, ते शनिवार त्याच्याकडे यायला लागले. आषाढातला, धुक्यात लॉन दिसत नव्हतं तो. श्रावणातला, ज्याच्या आदल्या दिवशी आप्पा पहिल्यांदा खिडकीपर्यंत गेले होते. कोजागिरीचा. या सगळ्या शनिवारी तो स्टेजवर उभा होता, बरगडीत त्याची स्वतःची तार होती, आणि पायांखाली दुसराच कुणीतरी वाजवत होता. दुसराच म्हणजे तोच. दोन उन्हाळ्यांमागचा तो, कैलासच्या खोलीत, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, पंखा बंद करून घामाघूम झालेला, कैलास म्हणत होता, "दादा, लॉनवर वाजवता अगदी तसंच वाजवा." आणि त्याने अगदी तसंच वाजवलं होतं. किती अभिमान वाटला होता त्या दिवशी, आपलं काहीतरी कायमचं राहिलं म्हणून. ते राहिलं होतं खरं. ते राहून त्याच्या जागेवर येऊन बसलं होतं, आणि तो स्वतः पावसाळाभर त्याच्या मागे उभा राहून बोटं हलवत होता. राग आला. पण राग कुणावर धरायचा? कैलासने लबाडी केली नव्हती, तन्वीरने नाही, मॅनेजरने नाही. काढायची राहून गेली, एवढंच. आणि ज्याने जागा बळकावली त्याची गचांडी धरावी तर ती आपलीच.

मग त्याला श्रावणातला तो प्रसंग आठवला आणि तो खाली बघायला लागला. सुरी लागून बोट कापलं होतं, त्यावर पट्टी होती, आणि एका अवघड जागी बोट घसरलं. घसरलं हे त्याला बरगडीत स्पष्ट कळलं होतं. पण पायांखालून सूर बरोबर आला. अगदी नेमका. तेव्हा त्याला वाटलं, इतक्या वर्षांची तालीम आहे, हात घसरला तरी सूर आपली जागा सोडत नाही. घरी येऊन त्याने हे रजनीला सांगितलंसुद्धा, थोडा फुशारून. आता कामशेतच्या बाजारात, भर दुपारी, त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तो एकदाच चुकला होता, आणि तेवढ्या एका चुकीने त्याला सगळं सांगायचा प्रयत्न केला होता. त्याने ते स्वतःचं कौतुक समजून खिशात घातलं. पण खरी टोचणी ही नव्हती. खरी टोचणी हळूच, मागून आली. आषाढापासून कार्तिकापर्यंत, इतक्या शनिवारी, इतक्या गाण्यांत, आपण एकदाही काही वेगळं वाजवलं असतं तर? एक सूर वर, एक ठोका उशिरा, सहज मनात आलं म्हणून. त्याच क्षणी पाय आणि बरगडी वेगळं बोलली असती आणि चोरी उघडी पडली असती. गाणी संपल्यावर सहज एक तार छेडली असती तरी पुरे होतं. पण गाणं संपलं की तारांवर तळवा ठेवायचा, आगाऊ आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाही, ही त्याची शिस्त. नवीन पोरं दोन गाण्यांच्या मधे टुणटुण करतात त्यांना तो रागवायचा. म्हणजे पकडला न जाण्याची सगळी सोय त्याने स्वतःच करून ठेवली होती. आदल्यासारखा पुढचा. पास.

"झालं," तन्वीर म्हणाला. त्याने पान चिमट्याने पुढे वाकवलं, जॅक बसवला, वीतभर वायर काढून टाकली. आवाज आला, जुना, भरदार. "वाजव की जरा." यशोधनने गिटार मांडीवर घेतली आणि काय वाजवावं ते त्याला सुचेना. बोटांनी तिसऱ्या गाण्याची सुरुवात धरली. त्याने हात थांबवला, पुन्हा सुरू केला. बोटांनी पाचवं गाणं धरलं. "छान," तन्वीर म्हणाला, आणि मग थोडं थांबून, त्याच्याकडे न बघता, "मी इअरफोन काडून वाजवू का शनवारी? एका कानातला?" यशोधन म्हणाला, "तुझ्या सोयीने बघ." याहून चांगलं काहीतरी म्हणायला हवं होतं.

घरी आप्पांनी विचारलं, "सापडलं का?" तो म्हणाला, मधोमध होतं. म्हातारा इतका खूश झाला की रात्री एक पोळी जास्त जेवला. रजनी भांडी आवरत होती, तिला यशोधनने विचारलं, "कोजागिरीला तू लॉनवर आली होतीस. येताना गाडीत म्हणालीस, तुझं ऐकून मला रडू आलं." "हो मग?" "कशाने आलं?" रजनीने हात पुसले. "आता कशाने म्हणजे? तू डोळे मिटून वाजवत होतास. आप्पांचं सगळं करून दमलेला होतास, आणि तरी असा तल्लीन. बघून भरून आलं." "बघून की ऐकून?" "अरे, ते कसं सुटं करून सांगू?" ती म्हणाली, आणि त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. त्या हातातली माया त्याला कळली. पण ती माया नेमकी कुणाला पोचायची होती, इथे उभ्या असलेल्याला की त्या दुसऱ्याला, हा विचार त्याला तिथेच आला, आणि तो आल्याची त्याला लाज वाटली.

आठवडाभर तो दांडी भोकांत घालत राहिला. एक टोक आत जायचं, दुसरं जायचं नाही. लोकलच्या खिडकीतून कान्हे गेलं, कामशेत गेलं, मळवली गेलं, कापणी झालेली भातखाचरं गेली, आणि तो मनाशी ठरवत होता. तिसरं गाणं, दुसरं कडवं. तिथे बेस चार पायऱ्या उतरतो. आपण चढायचं. एवढंच, चारच सूर, कुणाचं काही बिघडणार नाही. मांडीवर त्याची बोटं ते चढण घोकत होती. समोरच्या माणसाला वाटलं असेल हा काही मोजतोय. बुधवारपर्यंत ते त्याला इतकं पाठ झालं की त्याची भीती वाटायला लागली. हेही उद्या तसंच्या तसं येईल. मग त्याने घोकणं सोडलं.

शनिवारी लॉनवर एका कंपनीचे लोक होते, गळ्यात ओळखपत्रांच्या पट्ट्या अडकवलेले. कैलास वायर हातात धरून आला. "दादा, लावू का परत? की नको?" "नको," यशोधन म्हणाला, आणि ते इतक्या जोरात म्हणाला की कैलास दचकला. तन्वीरने ड्रममागे बसताना डाव्या कानातला इअरफोन काढून कॉलरमध्ये खोचला. पहिलं गाणं सुरू झालं. थरथर आली, तळव्यांतून पोटऱ्यांत चढली, बरगडीतलीला जाऊन मिळाली. आज दोन्ही त्याच्याच होत्या, यात शंका नव्हती. दुसरं गाणं झालं. तिसऱ्याचं दुसरं कडवं समोर आलं तेव्हा त्याने बोटं तारेवर सैल केली. ती जागा आली. त्याचा हात खाली उतरला. त्याने चढ म्हटलं होतं, अगदी स्पष्ट, आणि हात गुमान चार पायऱ्या उतरून, जिथे दर शनिवारी उभा राहतो तिथे जाऊन उभा राहिला. सूर निर्मळ होते. कंपनीचे लोक खात होते. चौथ्या गाण्यात त्याने पुन्हा करून पाहिलं, पाचव्यात पुन्हा. प्रत्येक वेळी जागा यायची आणि होऊन गेलेली असायची. कैलास खालून अंगठा दाखवत होता, एक नंबर.

पाचवं गाणं संपलं. शेवटचा ठोका पडला, आणि यशोधनचा उजवा तळवा तारांकडे निघाला, तसा तो नेहमी निघतो. तो त्याने वरच्या वर धरला. सगळा जोर लागला त्याला. तळवा तारांपासून चार बोटं अंतरावर लटकत राहिला आणि त्याखालची जाड तार मोकळीच घुमत राहिली. टाळ्या पडून थांबल्या, तरी ती घुमत होती. फळ्यांतून, लॉनच्या ओल्या गवतातून, टेबलांच्या पायांतून. जवळच्या टेबलावर कुणाच्या तरी ग्लासातलं पाणी हललं. एका बाईने चमचा ताटात ठेवला आणि स्टेजकडे पाहिलं. मग दोघातिघांनी पाहिलं. गायिका वळली, कीबोर्डवाला वळला. तन्वीर तर ड्रमवरून पुढे झुकून बघत होता, मोकळा कान त्याच्याकडे करून, डोळे कॉलेजातल्यासारखे. सगळे यशोधनकडे बघत होते. इतक्या वर्षांत हा पहिलाच आवाज होता जो कुणी सांगितला नव्हता, आणि तो सगळ्यांनी ऐकला होता.

दारातून मॅनेजर झपाझप चालत येताना दिसला. कैलास स्टेजच्या कडेला धावत आला, चेहरा कावराबावरा. "दादा, काय झालं? परत बिघडला का?"

यशोधनने त्याच्याकडे पाहिलं, मॅनेजरकडे पाहिलं. तन्वीर अजून झुकलेलाच होता. 'नाही' एवढा एकच शब्द म्हणायचा होता.

"हो," तो म्हणाला. "जरा गुणगुणतोय. बघतो."

आणि त्याने तळवा खाली टेकवला. तार त्याच्या हाताखाली थोडा वेळ थरथरली, मग थांबली.